‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधली जागा

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५४ साली तर्कशुद्ध निर्णयाचा एक नियम मांडला. एखादा व्यापारी निवडणुकीत हा पक्ष जिंकला तरी मालमत्ता घेणार असेल आणि तो जिंकला तरी घेणार असेल, तर त्यानं निकालासाठी थांबू नये. नियम इतका उघड, की वाद घालायला जागाच नाही.

१९९२ साली एमॉस ट्वर्स्की आणि एल्डार शाफिर यांनी तो तपासला. विद्यार्थ्यांपुढे कल्पित प्रसंग होता: अवघड परीक्षा झाली आहे, हवाईची सहल स्वस्तात मिळते आहे. ‘तुम्ही पास झालात’ असं सांगितलेल्यांपैकी ५४ टक्क्यांनी सहल घेतली, ‘नापास’ सांगितलेल्यांपैकी ५७ टक्क्यांनी. निकाल न कळलेल्यांपैकी मात्र फक्त ३२ टक्क्यांनी. ६१ टक्के पाच डॉलर भरून थांबायला तयार होते. संशोधकांचं स्पष्टीकरण असं: पास झालेल्याला आनंदाचं कारण असतं, नापासाला विरंगुळ्याचं, अधांतरी असलेल्याला कुठलंच नसतं.

नेहमीच्या संभाव्यतेनुसार तिसरा आकडा ५४ आणि ५७ यांच्या मध्ये यायला हवा. जेरोम बुझेमायर, पीटर ब्रूझा प्रभृतींनी इथे पुंजभौतिकीचं गणित वापरलं. त्यात दोन शक्यता प्रकाशलहरींसारख्या एकमेकींना खोडू शकतात. मेंदूत पुंजकण विचार करतात, असा त्यांचा दावा नाही. उसनं घेतलं ते गणितच.

एवढ्यानं माझं समाधान होत नाही. हाती आलेल्या आकड्याला सूत्र जुळवणं फार कठीण नसतं. खरी कसोटी वेगळ्या ठिकाणी लागली. १९९७च्या एका गॅलप चाचणीत ‘क्लिंटन प्रामाणिक आहेत का?’ हा प्रश्न आधी विचारला तेव्हा ५० टक्के लोक ‘हो’ म्हणाले; गोर यांच्याबद्दल विचारून मग विचारला तेव्हा ५७ टक्के. पुंजगणिताचं भाकीत असं, की क्रम बदलला तरी दोन्ही प्रश्नांना सारखंच उत्तर देणाऱ्यांचं एकूण प्रमाण बदलू नये. २०१४ साली अमेरिकेतल्या ७० राष्ट्रीय सर्वेक्षणांवर ते तपासलं गेलं आणि बहुतांशी खरं ठरलं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे: मत मनात तयार असतं आणि प्रश्न ते फक्त बाहेर काढतो, हे आपलं गृहीतक डळमळतं. पुष्कळदा उत्तर विचारण्यातूनच घडतं. मग जनमताचे आकडे वाचताना, लोक काय म्हणाले याच्याआधी, त्यांना काय आणि कोणत्या क्रमानं विचारलं, हे पाहायला हवं.