ग्रीन कार्डाची रांग आणि ‘प्रायॉरिटी डेट’चा हिशेब

अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ नावाचे एक पत्रक प्रसिद्ध करते. त्यातील भारताच्या रकान्यात कोणती तारीख छापून आली आहे, याकडे न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेल्या हजारो मराठी कुटुंबांचे डोळे लागलेले असतात. नोकरीच्या आधारे कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजेच ग्रीन कार्ड, मिळणार कधी, हे त्या तारखेवर ठरते. २०२५ सालच्या अखेरच्या महिन्यांत ‘ईबी-२’ आणि ‘ईबी-३’ या दोन्ही वर्गांतील भारतीयांसाठी ही तारीख २०१३ सालातच रेंगाळत होती. बारा वर्षांपूर्वी रांगेत उभ्या राहिलेल्यांचा क्रमांक तेव्हा कुठे लागत होता, असा त्याचा अर्थ.

या विलंबाचे मूळ अर्जांच्या छाननीत नसून कायद्याने घालून दिलेल्या संख्येत आहे. १९९० च्या स्थलांतर कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वार्षिक संख्या १ लाख ४० हजार अशी निश्चित केली. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातील सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये, असे बंधनही कायद्यात आहे. ईबी-१, ईबी-२ आणि ईबी-३ या तीन प्रमुख वर्गांना प्रत्येकी सुमारे ४० हजार कार्डे मिळतात. त्यांच्या ७ टक्के म्हणजे एकेका वर्गात भारताच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम २,८०० कार्डे येतात. अन्य देशांनी न वापरलेली कार्डे शिल्लक राहिली, तरच हा आकडा वाढतो. शिवाय अर्जदाराची पत्नी किंवा पती आणि मुले यांचीही गणना याच संख्येत होते. चौकोनी कुटुंब असेल तर एका अर्जामागे चार कार्डे खर्ची पडतात. एच-१बी व्हिसावर मात्र देशनिहाय मर्यादा नाही. आत येण्याचा दरवाजा रुंद आणि स्थायिक होण्याचा दरवाजा अरुंद, असा हा विसंगत कारभार आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. देशाचा हिशेब नागरिकत्वावरून नव्हे, तर जन्मस्थळावरून होतो. साताऱ्यात जन्मलेल्या व्यक्तीने पुढे कॅनडाचे नागरिकत्व घेतले, तरी तिची रांग भारताचीच राहते. याउलट मूळ कुटुंब रत्नागिरीचे, पण जन्म कुवेतचा असेल, तर ती व्यक्ती कुवेतच्या खात्यात मोजली जाते. पती-पत्नींपैकी एकाचा जन्म अन्य देशात झाला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेचा लाभ घेता येतो. आखाती देशांत किंवा पूर्व आफ्रिकेत जन्मलेल्यांना ही तरतूद वरदान ठरली आहे. वकिलाकडे जाण्यापूर्वी दोघांची जन्मस्थळे तपासून पाहण्याचा सल्ला म्हणूनच दिला जातो.

प्रक्रियेचे टप्पे तीन. प्रथम नोकरी देणारी कंपनी अमेरिकेच्या श्रम खात्याकडे अर्ज करते. या जागेसाठी पात्र व इच्छुक अमेरिकी कर्मचारी मिळाला नाही, हे तिला जाहिराती देऊन सिद्ध करावे लागते. २००५ पासून ही पद्धत ‘पर्म’ या नावाने ओळखली जाते. हा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, तो दिवस म्हणजे अर्जदाराची ‘प्रायॉरिटी डेट’. त्यानंतर कंपनी नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे आय-१४० ही याचिका दाखल करते. तिसरा अर्ज, आय-४८५, अर्जदाराने स्वतः करायचा असतो. पण बुलेटिनमधील तारीख त्याच्या प्रायॉरिटी डेटपर्यंत आल्याशिवाय तो करता येत नाही. ऑक्टोबर २०१५ पासून बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. एक अर्ज दाखल करण्याच्या तारखांचा, दुसरा अंतिम निर्णयाच्या तारखांचा. कोणत्या महिन्यात कोणता तक्ता ग्राह्य धरायचा, हे स्थलांतर विभाग स्वतंत्रपणे जाहीर करतो.

तारीख पुढेच सरकेल, याची मात्र शाश्वती नसते. करोनाकाळात कौटुंबिक वर्गातील कार्डे न वापरली गेल्याने २०२२ च्या आर्थिक वर्षात नोकरीच्या वर्गासाठी पावणेतीन लाखांहून अधिक कार्डे उपलब्ध झाली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ईबी-२ मधील भारताची तारीख डिसेंबर २०१४ पर्यंत धावली. नवे आर्थिक वर्ष सुरू होताच, ऑक्टोबरमध्ये, ती एप्रिल २०१२ वर आणि डिसेंबरमध्ये थेट ऑक्टोबर २०११ वर मागे आली. ज्यांनी त्या काही महिन्यांत आय-४८५ दाखल केला, त्यांना निदान स्वतंत्र काम करण्याचा परवाना मिळाला. कागदपत्रे जुळविण्यात ज्यांचे चार आठवडे वाया गेले, ते पुन्हा रांगेच्या शेपटाकडे ढकलले गेले.

असाच प्रकार २००७ मध्ये अधिक नाट्यमय रीतीने घडला होता. जुलैच्या बुलेटिनमध्ये जवळजवळ सर्व नोकरी वर्ग ‘खुले’ असल्याचे जाहीर झाले. लोकांनी वैद्यकीय तपासण्या उरकल्या, वकिलांचे शुल्क भरले आणि २ जुलै रोजी एकही कार्ड शिल्लक नसल्याची घोषणा झाली. नुकत्याच गाजलेल्या ‘लगे रहो मुन्नाभाई’पासून स्फूर्ती घेऊन भारतीय अर्जदारांनी स्थलांतर विभागाचे तत्कालीन संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कार्यालयात शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. ती फुले पुढे जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पोहोचविण्यात आली. १७ जुलै रोजी सरकारने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. गांधीगिरीला एवढे यश क्वचितच आले असेल!

रांगेत असताना अमेरिकेत राहायचे कसे, हा पुढचा प्रश्न. एच-१बी व्हिसाची कमाल मुदत सहा वर्षे आहे. परंतु २००० च्या कायद्यान्वये आय-१४० मंजूर झालेल्या आणि केवळ संख्येच्या मर्यादेमुळे अडकलेल्या अर्जदाराला एका वेळी तीन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळते. नोकरी गेल्यास नवी नोकरी शोधण्यासाठी फार तर ६० दिवसांची सवलत आहे. नव्या कंपनीला पर्म व आय-१४० यांचे सोपस्कार पुन्हा करावे लागतात. दिलासा एवढाच, की जुन्या मंजूर याचिकेची प्रायॉरिटी डेट, ती याचिका फसवणूक वा गंभीर चुकीमुळे रद्द झाली नसेल तर, कायम राहते. मंजुरीला १८० दिवस उलटून गेले असतील, तर जुन्या कंपनीने याचिका मागे घेतली तरी तिच्या आधारे व्हिसाची मुदत वाढवता येते. नोकरी बदलण्याची घाई करणाऱ्यांनी हा १८० दिवसांचा आकडा नजरेआड करू नये. आय-१४० च्या मंजुरीपत्राची प्रत स्वतःजवळ असणे तितकेच महत्त्वाचे; ती याचिका कंपनीची असल्याने अनेकांच्या हाती ते पत्र कधी पडतच नाही.

या साऱ्यात सर्वाधिक भरडली जातात ती मुले. आई-वडिलांबरोबर दोन-तीन वर्षांची असताना गेलेले मूल एच-४ व्हिसावर वाढते, तिथल्याच शाळेत शिकते. तिथे जन्मलेले धाकटे भावंड जन्मतःच अमेरिकी नागरिक असते. थोरल्याला मात्र २१ वर्षे पूर्ण होताच कुटुंबाच्या अर्जातून वगळले जाते. २००२ च्या बाल दर्जा संरक्षण कायद्याने यावर अंशतः उतारा काढला आहे. कार्ड उपलब्ध होईल त्या दिवशीच्या वयातून आय-१४० प्रलंबित असल्याचा काळ वजा करायचा आणि येणारे वय २१ पेक्षा कमी असेल, तर मूल पात्र ठरते. त्यानंतर वर्षभरात त्याने कार्डासाठी पाऊल उचलले पाहिजे. गंमत अशी, की जादा शुल्क भरून आय-१४० लवकर मंजूर करून घेतलेली असेल, तर वजा करायला हाती जेमतेम काही दिवस उरतात. कार्ड ‘उपलब्ध’ केव्हा मानायचे, याची व्याख्याही बदलत आली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यासाठी अर्ज दाखल करण्याचा तक्ता ग्राह्य धरण्याची मुभा मिळाली होती. १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी पुन्हा अंतिम निर्णयाचा तक्ता लागू करण्यात आला. काही महिन्यांच्या या फरकाने कित्येक मुलांचे भवितव्य पालटते. वय ओलांडलेल्यांपुढे एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा मार्ग असतो. तो मागताना शिक्षणानंतर मायदेशी परतण्याचा इरादा सिद्ध करावा लागतो. आणि मायदेश म्हणजे ज्या देशाची आठवणही धूसर आहे, तो!

देशनिहाय मर्यादा उठविण्याचे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात मोठ्या मताधिक्याने संमत झाले. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये त्याचे निराळे रूप मान्य केले. दोहोंचा मेळ बसला नाही आणि विधेयक बारगळले.

महाराष्ट्रात बसून करण्यासारखी कामे बहुधा कागदपत्रांची असतात. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या जन्मदाखल्यावर बाळाचे नाव नसणे, ही जुन्या पिढीची नित्याची अडचण. नोंदच नसेल, तर संबंधित कार्यालयाकडून अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. जन्मानंतर अनेक वर्षांनी केलेली नोंद असेल, तेव्हाही असे पूरक पुरावे मागितले जातात. लग्नानंतर पत्नीचे नाव, मधले नाव व आडनाव असे सर्वच बदलण्याची आपल्याकडील रीत परदेशी अधिकाऱ्याला बुचकळ्यात टाकते. जन्मदाखला, पदवी आणि पारपत्र यांवरील नावे वेगळी दिसत असतील, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत आधीच काढून ठेवावी. तारीख अचानक पुढे सरकली, म्हणजे हे कागद गोळा करायला काही आठवडेच हाती असतात आणि तालुक्याच्या कार्यालयाला बुलेटिनची कल्पना नसते.