अथेन्सच्या बारा जणी आणि एक ओकचे झाड

शेजारणी-शेजारणींत रोपांची देवाणघेवाण कोठे होत नाही? कोणी गुलबक्षीचे बी मागते, कोणी मोगऱ्याची फांदी नेते, कोणाच्या दारचा कढीलिंब चार घरी पसरतो. या देवघेवीला कोणी इतिहास म्हणत नाही. पण अमेरिकेतल्या एका गावी अशाच देवघेवीतून एक रीतसर संस्था उभी राहिली, आणि तिची नोंद आज त्या देशाच्या इतिहासात आहे. ती हकिगत आपल्या भगिनींना आवडेल असे वाटते.

गावाचे नाव अथेन्स. ग्रीस देशातले नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातले. गाव विद्यापीठाचे, म्हणून नावही तसे विद्वत्तेचे ठेवलेले. १८९१ च्या जानेवारीत येथील सौ. ई. के. लम्पकिन यांच्या घरी बारा बायका जमल्या आणि त्यांनी 'लेडीज गार्डन क्लब' स्थापन केला. त्याआधी त्या काय करीत होत्या? तेच, जे आपण करतो. एकमेकींना कलमे द्यायची, बी द्यायचे, कोणाचे गुलाब का जळाले याची चर्चा करायची. नवे इतकेच केले, की त्यांनी घटना लिहिली, नियम केले, अध्यक्ष निवडली. पहिल्या अध्यक्ष सौ. लामार कॉब. पुढे अमेरिकेतला पहिला बागक्लब कोणता, असा वाद निघाला तेव्हा या लिखापढीनेच अथेन्सला तो मान मिळवून दिला. फुले सगळीकडेच होती. घटना आणि नियम मात्र यांच्यापाशी होते. आपल्याकडे इतिवृत्त लिहायची पाळी आली की जी टाळाटाळ चालते, ती आठवून मला येथे थोडे हसू आले.

आणखी एक गोष्ट मनात आल्याशिवाय राहत नाही. या बायकांची नावे कागदोपत्री नवऱ्याच्या नावानेच आली आहेत. लम्पकिनबाईंचे स्वतःचे नाव मेरी. पण ते शोधावे लागते. आपल्या जुन्या स्मरणिका उघडून पाहिल्या तर तेथेही 'सौ.' पुढे कोणाची आद्याक्षरे असत हे दिसेल. तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

त्या काळात या बायकांना काय मोकळीक होती तेही पाहावे. मताचा अधिकार नव्हता. तो घटनादुरुस्तीने १९२० मध्ये सबंध देशात मिळाला, आणि जॉर्जियाच्या विधिमंडळाने तर त्या दुरुस्तीला १९१९ मध्ये नकारच दिला होता. ज्या विद्यापीठाचे गाव म्हणून अथेन्सची ख्याती, तेथे मुलींना नियमित विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळाला तो १९१८ मध्ये. म्हणजे क्लब निघून सत्तावीस वर्षे होऊन गेली होती. अशा गावात बायकांनी सभा घ्यावी, ठराव मांडावा, निवडणूक करावी, याला बागेचे निमित्त सोयीचे होते. फुलांना कोण हरकत घेणार? पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, त्यांनी फुलांचे आणि भाज्यांचे प्रदर्शन भरविले. भाज्यांचेसुद्धा, हे मला विशेष वाटते. शोभेच्या बागेपुरतेच त्यांचे मन अडकले नव्हते.

परंतु एक बाजू झाकून ठेवणे बरे नाही. या बारा जणी गोऱ्या होत्या. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, तरी दक्षिणेतल्या सुखवस्तू घरांतून स्वयंपाक, धुणेभांडी आणि बागेतली खोदाखोद बहुधा काळी माणसेच करीत. त्यांना अशा क्लबांत जागा नव्हती. अथेन्सच्या विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांनी पहिले पाऊल ठेवले ते १९६१ च्या जानेवारीत. शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स ही ती दोघे, आणि तेही न्यायालयाच्या हुकमाने. ज्या हातांनी खड्डे खणले त्यांची नावे क्लबाच्या घटनेत नव्हती, हे त्या सुंदर बागांकडे पाहताना ध्यानात ठेवलेले बरे. माळीणबाईचे नाव आपल्याही अहवालात कितीदा येते?

असो. बीज रुजले ते मात्र झपाट्याने. १९१३ मध्ये फिलाडेल्फियाकडील बायकांनी 'गार्डन क्लब ऑफ अमेरिका' काढला, १९२८ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या क्लबांनी आपला संघ केला, आणि दुसऱ्याच वर्षी निरनिराळ्या राज्यांच्या संघांची राष्ट्रीय परिषद झाली. कामही अंगणाबाहेर पडले. दुसऱ्या महायुद्धात तर परसातला वाफा हीच देशसेवा ठरली. १९४३ च्या सुमारास अशा दोन कोटी बागा होत्या असा अंदाज सांगतात. न्यू जर्सीच्या बागसंघाने १९४४ मध्ये युद्धावर गेलेल्या सैनिकांसाठी दगडी स्मारक न उभारता हमरस्त्याच्या कडेने डॉगवुडची आठ हजार झाडे लावायला घेतली. ही कल्पना इतर राज्यांनीही उचलली. रस्त्याच्या दुतर्फा जाहिरातींच्या फळ्यांचे जे रान माजले होते त्याविरुद्धही या क्लबांनी वर्षानुवर्षे अर्जविनंत्या केल्या. अखेर अध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी हा विषय हाती घेतला आणि १९६५ मध्ये तसा कायदा झाला. कायद्यात पळवाटा पुष्कळ राहिल्या, ही गोष्ट वेगळी.

अथेन्समध्ये त्या पहिल्या बारा जणींच्या स्मरणार्थ विद्यापीठाच्या आवारात सुमारे अडीच एकरांची एक बाग आहे. ह्यूबर्ट ओवेन्स या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून १९३९ ते १९४६ या काळात ती तयार केली. ज्या विद्यापीठाने त्यांना आत घेतले नसते, त्याच्याच आवारात त्यांची आठवण फुलते आहे, ही मोठी मौज आहे.

पण अथेन्सची मला सर्वांत आवडलेली गोष्ट बागेची नाही, एका झाडाची आहे.

डिअरिंग आणि फिनली हे दोन रस्ते मिळतात तेथे पांढऱ्या ओकचा एक पुराणवृक्ष होता. त्याची कथा अशी सांगत, की कर्नल विल्यम जॅक्सन नावाच्या गृहस्थाचे या झाडावर लहानपणापासून प्रेम. आपल्यामागे त्याचे काय होईल या काळजीने त्याने चक्क खरेदीखतासारखा कागद केला, आणि ते झाड व त्याच्या चहूबाजूंची आठ-आठ फूट जमीन त्या झाडालाच देऊन टाकली. म्हणजे झाडाचा मालक झाडच! १८९० मध्ये तेथील वर्तमानपत्राने ही कथा छापली आणि ती सर्वतोमुखी झाली. तो कागद मात्र आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही. वकिलाला विचाराल तर तो म्हणेल, कागद सापडला तरी उपयोग नाही. दान घ्यायला घेणारा कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' असावा लागतो. आपल्या देशात देवाच्या मूर्तीला न्यायालये अशी व्यक्ती मानतात, देवाच्या नावावर जमीन असते. न्यूझीलंडने २०१७ मध्ये वांगानुई नदीलाही हा दर्जा दिला. जॉर्जियाच्या कायद्यात ओकला तशी सोय नव्हती. तरी गावाने कधी तकरार केली नाही. गेल्या शतकाच्या आरंभी जॉर्ज फॉस्टर पीबॉडी या धनिकाने भोवती दगडी खांब रोवून साखळी लावून दिली.

तरीही झाड ते झाडच. आतून पोखरत गेले आणि ९ ऑक्टोबर १९४२ रोजी उन्मळून पडले. मालकच मेला, आता त्या सोळा फुटांच्या चौकाचा वारस कोण? दोन रस्त्यांच्या तोंडावरची जागा. युद्धाचे दिवस. कोणी खांब उपटून टाकले असते तर विचारायलाही कोणी आले नसते. चार वर्षे ती जागा रिकामीच होती.

तेव्हा गावातल्या 'ज्युनियर लेडीज गार्डन क्लब'च्या बायकांनी विषय हाती घेतला. या पहिल्या क्लबातल्या बायका नव्हेत, पुढच्या पिढीच्या. नर्सरीतून एखादे ओकचे रोप आणून खड्ड्यात उभे करणे सोपे होते. पण त्यांचे म्हणणे असे, की वारस असेल तर तो रक्ताचा असला पाहिजे. जुन्या झाडाची फळे वेचून गावातल्या काही लोकांनी पूर्वीच आपापल्या अंगणात रुजवली होती. अशांपैकी एकाच्या बागेत सुमारे पाच फूट उंचीचे रोप मिळाले. ४ डिसेंबर १९४६ रोजी ते जुन्या खांब-साखळीच्या आत, बापाच्या जागी, लावण्यात आले.

त्याची देखभाल क्लबाने सोडली नाही. आज ते झाड पन्नास फुटांहून उंच आहे. त्याला गावात 'स्वतःचा मालक असलेल्या झाडाचा मुलगा' असे म्हणतात, आणि बापाची मालमत्ता वारसाहक्काने त्याच्याकडे आली असे लोक धरून चालतात. त्याच्याजवळ दगडावर जॅक्सनचे ते दानाचे शब्द कोरलेले आहेत. कागद अजून मिळालेला नाही.