मांजराचे केस असलेली कोंबडी

इ. स. १२९८ च्या सुमारास जिनोआच्या तुरुंगात व्हेनिसचा एक व्यापारी आपल्या प्रवासाच्या हकिकती सांगत होता आणि त्याच्या सोबतचा कैदी रुस्तिकेल्लो त्या उतरवून घेत होता. व्यापाऱ्याचे नाव मार्को पोलो. चीनमधील फूजियान प्रांताबद्दल बोलताना त्याने सांगितले, की तिकडच्या कोंबड्यांना पिसे नसतात, मांजरासारखे केस असतात. त्या काळ्या असतात, अंडी मात्र चांगली देतात. युरोपातील वाचकाला ही शुद्ध थाप वाटली असेल तर नवल नाही.

पण कोंबडी खरी होती. आज तिला आपण सिल्की म्हणतो. चीनमध्ये हाडांपर्यंत काळ्या असणाऱ्या कोंबड्यांचा औषधी उपयोग जुना आहे. ली शिज़ेन याने १५७८ मध्ये पूर्ण केलेल्या प्रसिद्ध औषधिकोशात त्यांची नोंद सापडते. इकडे इटलीत आल्द्रोवांदी या निसर्गअभ्यासकाने १६०० साली प्रसिद्ध झालेल्या पक्ष्यांवरील ग्रंथात लोकर असलेल्या कोंबडीचा उल्लेख केला. पुढे युरोपातील विक्रेते ही कोंबडी म्हणजे ससा आणि कोंबडी यांचा संकर आहे असे सांगून ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत, असे म्हणतात.

मग ते केस असतात तरी काय? त्यासाठी कावळ्याचे किंवा साध्या कोंबडीचे एक पीस हाती घ्या. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक फांद्या असतात. त्यांना त्याहून बारीक उपफांद्या आणि त्यांवर सूक्ष्म आकडे असतात. पीस बोटांनी फाडा आणि पुन्हा खालून वर चिमटीतून ओढा. आकडे एकमेकांत अडकतात आणि फाटलेले पीस सांधते. सिल्कीच्या पिसात हे आकडे नीट तयारच होत नाहीत. फांद्या मोकळ्या राहतात आणि पीस केसासारखे दिसते. म्हणजे पोलोने पाहिले किंवा ऐकले ते बरोबर होते. केस हा शब्द तेवढा चुकीचा होता.

एवढ्याशा आकड्यांवाचून काय अडते, हे सिल्की पाळणाऱ्याला विचारावे. तिला उडता येत नाही, म्हणून बसायची दांडी जमिनीपासून थोड्याच उंचीवर ठेवावी लागते. पाणी पिसांवरून ओघळत नाही, आत मुरते. भिजलेली कोंबडी गारठते, म्हणून खुराडे कोरडे हवे. डोक्यावरचा झुबका डोळ्यांवर येतो. तो कातरावा किंवा बांधावा लागतो, नाहीतर तिला दाणे दिसत नाहीत. प्रदर्शनाला न्यायची असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून, ती पार कोरडी होईपर्यंत उबेत ठेवतात. काही पिल्लांच्या झुबक्याखाली कवटीचे हाड पूर्ण जुळलेले नसते. अशा पिल्लाला दुसऱ्या कोंबडीची एक टोचही जिवावर बेतू शकते, म्हणून त्यांना वेगळे ठेवतात. पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा त्याची लव कोणत्याही पिल्लासारखीच दिसते. वेगळेपण खरी पिसे फुटू लागल्यावर कळते. पायाची बोटे मात्र पहिल्याच दिवशी मोजता येतात. इतर बहुतेक कोंबड्यांना चार, हिला पाच.

एका बाबतीत मात्र ती सर्वांना मागे टाकते. ती फार लवकर खुडूक होते आणि कोणाचीही अंडी मायेने उबवते. त्यामुळे बदकाच्या व फेझंटच्या अंड्यांवरही पाळणारे तिला बसवत आले.

या पाळणाऱ्यांच्या बारीक नजरेचा पहिला मोठा फायदा डार्विनला झाला. टेगेटमायर या कोंबडीतज्ज्ञाशी त्याचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता. डार्विनने स्वतः काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी सिल्की कोंबडी यांचा संकर केला. त्या संततीतील एक कोंबडा वयात आल्यावर चक्क रानकोंबड्यासारखा लाल दिसू लागला. डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात ही हकिकत दिली. काळ्या-पांढऱ्या आईबापांच्या पोटी लाल मुलगा कसा, याचे समाधानकारक उत्तर तेव्हा कोणाजवळच नव्हते. मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला होता, पण कोणाच्या फारसा लक्षात आला नव्हता.

१९०० साली मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले आणि इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट यांनी सिल्कीच्या काळ्या कातडीचा प्रश्न हाती घेतला. त्यांचा १९११ चा निष्कर्ष वर्गात सांगण्याजोगा आहे. सिल्की कोंबडी आणि फिक्या कातडीचा ब्राउन लेगहॉर्न कोंबडा यांची सारी पिल्ले फिकी निघाली. उलट, सिल्की कोंबडा आणि लेगहॉर्न कोंबडी यांच्या पिल्लांत नर फिके, पण माद्या काळ्या! आईबापांची अदलाबदल केली आणि निकाल बदलला. काळेपणा दाबणारा घटक लिंगाशी जोडलेला असल्याशिवाय हे शक्य नव्हते. पक्ष्यांत नराला दोन ‘झेड’ गुणसूत्रे असतात, मादीला एकच, आणि ते तिला बापाकडून मिळते. आता मुलांनाच विचारा: दाबणारा घटक लेगहॉर्नच्या ‘झेड’वर असेल, तर कोणत्या संकरात मुलीला तो मिळणार नाही?

पुढचे उत्तर शंभर वर्षांनी आले. २०११ मध्ये दिसून आले, की काळ्या हाडामांसाच्या कोंबड्यांत २० व्या गुणसूत्राच्या दोन तुकड्यांच्या जादा प्रती असतात. त्यांपैकी एका तुकड्यात रंगपेशींची वाढ घडवणारे जनुक आहे. ते दुप्पट झाल्याने रंगपेशी शरीरभर पसरतात. २०१४ मध्ये पिसांचे कारण सापडले: एका जनुकाच्या अलीकडे डीएनएतील एकच अक्षर बदललेले. हा गुण अप्रभावी आहे. म्हणून पहिल्या संकरात तो लपतो आणि त्या संकरितांच्या संततीत सुमारे चौथ्या हिश्श्यात पुन्हा दिसतो.

म्हणजे काळेपणा आणि रेशमीपणा हे दोन स्वतंत्र गुण आहेत. याचा पुरावा आपल्याजवळच आहे. मध्य प्रदेशातील झाबुआची कडकनाथ कोंबडी आतून तशीच काळी, आणि गुणसूत्रातील तो फेरफारही तोच; पण तिची पिसे साधी. भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आकडे नसलेल्या पिसांची कोंबडी रानात निभावली नसती. भिजली असती किंवा कोल्ह्याच्या तोंडी गेली असती, आणि तिच्याबरोबर तो अक्षरबदलही. तो टिकला तो ज्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत अशा लोकांनी, वेगळे दिसणारे पिल्लू मारून न टाकता कोरड्या जागी ठेवले म्हणून. डार्विन आणि बेटसन त्यानंतर आले. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी कोंबड्या असतील, तर आनुवंशिकतेचा पाठ त्याच्या निरीक्षणांपासून सुरू करायला हरकत नाही.