मोठ्या काचेचे छायाचित्रण आणि मुंबईची सभा

इ. स. १८५४ च्या ऑक्टोबरात मुंबई येथे छायाचित्रणाच्या हौशी अभ्यासकांनी एक संस्था स्थापन केली. हिंदुस्थानातील या प्रकारची ही पहिली संस्था होय. १८५६ साली कलकत्ता व मद्रास येथेही अशाच संस्था निघाल्या. या संस्थांचा उल्लेख कंपनीच्या राजवटीतील गोऱ्या अंमलदारांचा फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून करण्याची प्रथा आहे. परंतु या समजुतीने फारसे काही उलगडत नाही. विरंगुळ्यासाठी शिकार होती, घोड्यांच्या शर्यती होत्या. दरमहा एकत्र जमून रसायनांच्या प्रमाणांवर वाद घालण्याची गरज कोणाला आणि का भासावी, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रथम कॅमेऱ्याच्या आकारमानात शोधावे लागते.

त्या काळी लहान चित्रावरून मोठे चित्र काढण्याची सोय व्यवहारात नव्हती. ऋणचित्र संवेदनशील कागदावर दाबून उन्हात ठेवावयाचे आणि तेवढ्याच आकाराची प्रत मिळवावयाची, एवढाच मार्ग होता. बारा इंच रुंद व पंधरा इंच लांब चित्र हवे असल्यास काच अथवा मेणवलेला कागद तेवढाच हवा आणि कॅमेराही त्या मापाचा हवा. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोलोडियनच्या पद्धतीत तर काचेवर लेप चढविणे, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडविणे, चित्र घेणे व ते प्रकट करणे ही सर्व कामे लेप ओला आहे तोवरच, म्हणजे काही मिनिटांतच, उरकावी लागत. साहजिकच छायाचित्रकाराबरोबर काळोखी तंबू, बाटल्या, पाण्याच्या पखाली आणि हे सर्व वाहणारी माणसे असत. या माणसांची नावे कोठेही नोंदलेली सहसा आढळत नाहीत.

कोलोडियनमधील ईथर दख्खनच्या उन्हात भराभर उडून जाई. लेप कडेला सुकू लागे तेव्हा मध्यभागी तो अद्याप पसरतच असे. काच जितकी मोठी तितकी ही अडचण मोठी. लंडनमध्ये छापलेली मार्गदर्शक पुस्तके तेथील हवेला धरून लिहिलेली असल्याने येथे त्यांचा उपयोग मर्यादित होता. मेणवलेल्या कागदाची पद्धत या देशात बरीच टिकून राहिली ती यामुळेच, कारण असा कागद आधी तयार करून ठेवता येई. उष्ण हवेत कोणते प्रमाण चालते, पावसाळ्यात कागद कसा टिकवावा, हे ज्ञान ग्रंथांत नव्हते. ते अनुभवी माणसाच्या हाती होते. ते मिळविण्यासाठी सभेस जाणे, इतरांची चित्रे पाहणे आणि आपली बिघडलेली काच दाखविणे एवढाच उपाय होता. सभा हीच तेव्हाची प्रयोगशाळा होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रयोगशाळेत एतद्देशीयांना प्रवेश होता, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रँट वैद्यक महाविद्यालयातून बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही मुंबईच्या संस्थेचे सभासद होते. नारायण दाजी तर तिच्या कार्यकारी मंडळावरही होते. वैद्यकाच्या पदवीधरास रसायनशास्त्र परके नव्हते, हे त्यामागील एक कारण असावे. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पुढे मुंबईत स्वतःचा चित्रव्यवसाय थाटणारे हरिश्चंद्र चिंतामण हे या वर्गात शिकले. अर्थात इंग्रजी न जाणणाऱ्यास, किंवा महागडी सामग्री न परवडणाऱ्यास, या वर्तुळाचे दार बंदच होते.

याच सुमारास सरकारचेही लक्ष या कलेकडे वळले. प्राचीन वास्तूंची हाताने रेखाटने करून घेण्याऐवजी छायाचित्रे घ्यावीत, असे कंपनीच्या संचालकांनी १८५५ मध्ये सुचविले. त्याच वर्षी कॅप्टन थॉमस बिग्ज याची मुंबई इलाख्यात या कामावर नेमणूक झाली आणि त्याने विजापूर, बदामी व ऐहोळे येथील वास्तू टिपल्या. लष्कराने त्याला परत बोलाविल्यावर हे काम डॉ. विल्यम पिगू याच्याकडे आले. त्यांची चित्रे १८६६ मध्ये मेडोज टेलर व जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह ग्रंथरूपाने निघाली. मोठ्या ऋणचित्रात शिलालेखांची अक्षरेही वाचता येण्याइतकी स्पष्ट उमटत, आणि पुरातत्त्वाला हवे होते ते नेमके हेच. लिनियस ट्राइप याने १८५८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्यावरील लेखांचे एकवीस ऋणचित्रांतून जोडलेले सुमारे एकोणीस फुटांचे चित्रपट्ट तयार केले, ते याच हेतूने.

सभेच्या समतेची कसोटी मात्र कलकत्त्यास लागली. तेथील संस्थेचे कोषाध्यक्ष राजेंद्रलाल मित्र हे होते. गोऱ्या रहिवाशांना कंपनीच्या फौजदारी न्यायालयांच्या कक्षेत आणण्याच्या प्रस्तावाविरुद्ध मळेवाल्यांनी मोठी चळवळ चालविली होती. एप्रिल १८५७ मध्ये, मीरतचा उठाव होण्याच्या सुमारे एक महिना आधी, मित्रांनी जाहीर सभेत या मळेवाल्यांवर कडक टीका केली. या भाषणाचा छायाचित्रणाशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही त्यांचा राजीनामा मागण्यात आला, आणि तो न दिल्याने त्यांना संस्थेतून काढून टाकण्यात आले. निषेधार्थ काही सभासदही बाहेर पडले. एतद्देशीय सभासदाने रसायनांविषयी बोलावे, राज्यकारभाराविषयी बोलू नये, ही अट संस्थेच्या नियमांत लिहिलेली नव्हती. ती या प्रसंगाने उघड झाली.

मुंबईत असा स्फोट झाला नाही, म्हणून तेथे सर्व आलबेल होते असे मानणे उतावीळपणाचे ठरेल. संस्थेचा एक चिटणीस विल्यम जॉन्सन याने विल्यम हेंडरसनच्या साहाय्याने १८५६ पासून हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांचे मासिक काढले. त्याच्या प्रत्येक अंकात तीन अस्सल चित्रे चिकटविलेली असत. त्यातील लोकजीवनाची चित्रे घेऊन जॉन्सनने १८६३ व १८६६ मध्ये मुंबईच्या जातिजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले. चित्रशाळेत टिपलेल्या माणसांमागे इतरत्र घेतलेली दृश्ये या ग्रंथात जोडलेली आहेत. ज्या शहरात नारायण दाजी सभेत कॅमेऱ्याच्या मागे उभे होते, त्याच शहरातील बहुसंख्य लोक या ग्रंथात नमुने म्हणून कॅमेऱ्यासमोर उभे आहेत.

रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढील दशकात कारखान्यात तयार झालेल्या काचा दुकानातून मिळू लागल्या आणि १८८८ मध्ये कोडॅक कॅमेऱ्याने चित्र प्रकट करण्याचे कामही हौशी माणसाच्या हातून काढून घेतले. त्यानंतरच्या छायाचित्र संस्था मुख्यतः प्रदर्शने व पारितोषिके यांकडे वळल्या. आज युरोप-अमेरिकेत मोठ्या कॅमेऱ्यांचे चाहते पुन्हा संमेलने भरवितात आणि त्यांतील काहीजण कोलोडियनची काच स्वहस्ते ओतून दाखवितात. जमलेली मंडळी भोवती उभी राहून लेप कडेला सुकतो का ते पाहत असतात.