जिभेचे वळण

सन १९९१. मी उस्मानिया विद्यापीठात मराठी घेऊन एम. ए. करीत होतो. बीदर जिल्ह्यातील आम्ही तिघे विद्यार्थी हैदराबादेत अफझलगंजातल्या एका माडीवरच्या खोलीत राहात असू. खाली किराण्याचे दुकान, त्याचा हिशेब उर्दूत. गिऱ्हाईक तेलुगूत बोले आणि आम्ही आपसात घरचे मराठी बोलत असू, त्यात कानडी शब्द सहज येत. त्या वर्षी गणेशोत्सवातील एका हौशी नाटकात मला हवालदाराचे काम मिळाले. तालमीत माझ्या तोंडून 'साहेब, मी चौकशी केलो' असे निघाले. सारे हसले. पुढच्या तालमीला माझ्या जागी दुसराच हवालदार उभा होता.

मन रमेना म्हणून मी जवळच्या सरकारी ग्रंथालयात जाऊन बसू लागलो. हे जुने आसफिया ग्रंथालय १८९१ सालचे. मुसीकाठच्या आजच्या भव्य इमारतीत ते १९३६ मध्ये आले. तेथे जुनी मराठी मासिके चाळताना सुलोचनाबाईंची हकीकत वाचनात आली, आणि आपल्यासारख्याच बोलीची एक मुलगी कुठवर गेली हे प्रथम कळले.

मूकपटांच्या काळी नटाच्या बोलीला महत्त्व नव्हते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत कारागीर, तालीमबाज, चित्रकार असे नाना तऱ्हेचे लोक आले. हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केलेले शांताराम वणकुद्रे तेथेच हरकामे म्हणून लागले आणि पुढे व्ही. शांताराम झाले. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि चित्र पालटले. मूकपटांतील आघाडीचे मास्टर विठ्ठल त्याचे नायक. परंतु त्यांची उर्दू कच्ची, म्हणून त्यांच्या तोंडचे संवादच कमी करावे लागले. गरीब घरच्या होतकरूंना आता जिभेचीही परीक्षा द्यावी लागणार होती.

अशा काळात सुलोचनाबाई आल्या. त्यांचा जन्म ३० जुलै १९२८ चा, बेळगाव जिल्ह्यात निपाणीजवळच्या खडकलाट गावचा. मूळ नाव रंगू. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले, मावशीने सांभाळ केला. शाळा बेताचीच झाली. गावच्या तंबूतला सिनेमा पाहणे एवढाच त्यांचा कलेशी संबंध. नाटकमंडळीचे घराणे नाही, गाण्याची तालीम नाही. उपजीविकेचा प्रश्न होता आणि कोणाच्या तरी ओळखीने कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये शिरकाव झाला. १९४३ च्या 'चिमुकला संसार'मध्ये लहानसे काम मिळाले. त्याच कंपनीत तेव्हा लता मंगेशकर याही उमेदवारी करीत होत्या.

पुढे कोल्हापुरातच त्या भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत आल्या. त्यांचे खेडवळ मराठी ऐकून लोक हसत. भालजींनी त्यांना काढून टाकले नाही. त्यांनी संस्कृत मोठ्याने वाचायला लावले. अर्थ कळो न कळो, वाचत राहायचे. जिभेला वळण लागते, हा त्यामागचा विचार. 'सुलोचना' हे नावही भालजींनीच दिले. १९४६ च्या 'सासुरवास'मध्ये त्या नायिका झाल्या. १९४९ च्या 'मीठभाकर'ने आणि १९५३ च्या 'वहिनीच्या बांगड्या'ने त्या घरोघरी पोचल्या. एवढेच काय, १९५९ मध्ये बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त हीच खडकलाटची जीभ अस्खलित हिंदी बोलली. १९९९ मध्ये पद्मश्री आणि पुढे महाराष्ट्रभूषण हा सन्मान मिळाला. ४ जून २०२३ रोजी मुंबईत त्या निवर्तल्या.

मला या कथेत नशिबापेक्षा भालजींचा निर्णय मोठा वाटतो. मुलीच्या बोलीत जे कमी होते ते शिकवण्याजोगे आहे हे त्यांनी ओळखले. आणि ते शिकायला ती रोज बसली.

हे मी अफझलगंजात वाचले, पण मुख्याध्यापक झाल्यावर विसरलो. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकातील मुख्य काम वर्षानुवर्षे 'शुद्ध बोलणाऱ्या' मुलांनाच मिळे. यादीवर सही माझीच असे. सुलोचनाबाई गेल्याची बातमी वाचली त्या वर्षी यादीतून नववीतला एक मुलगा वगळलेला दिसला. कारण विचारले. शिक्षक म्हणाले, "सर, तो 'मी बघितलो' म्हणतो."

मी त्याचे नाव पुन्हा लिहिले. महिनाभर शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास तो माझ्या खोलीत मोठ्याने वाचीत असे. संमेलनाच्या दिवशी संवाद चोख झाले. एका ठिकाणी मात्र 'केलो' आलेच. कोणी हसले नाही. समोर बसलेल्या आयाबायांना त्यात चुकले काय, हेच कळले नसावे.