फ्लिप्ड क्लासरूम आणि महाविद्यालयीन इंग्रजी

विषयाचे विवेचन विद्यार्थ्याने तासाआधी ऐकायचे किंवा वाचायचे आणि वर्गातला वेळ प्रत्यक्ष सरावाला द्यायचा, अशी अध्यापनपद्धती. समोरासमोरचे आणि ऑनलाइन शिक्षण एकत्र गुंफणाऱ्या मिश्र अध्ययनाचा हा एक प्रकार. २००७ च्या सुमारास कोलोरॅडोतील जोनाथन बर्गमन व अ‍ॅरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांमुळे ती प्रसिद्धीस आली. उगम दुसऱ्या विषयात असला, तरी भाषेला ती अधिक मानवते. कारण भाषा वापरल्यानेच येते. भरगच्च वर्गात तासभर व्याख्यान झाले, तर बहुतेकांच्या तोंडून एकही इंग्रजी वाक्य निघत नाही. तोच वेळ संभाषणाला, किंवा निबंधाचा खर्डा लिहून तिथल्या तिथे सुधारण्याला दिला, की चूक होते त्या क्षणी शिक्षक जवळ असतो.

साहित्याच्या वर्गात पाठ्य घरी वाचून येण्याची अपेक्षा पूर्वापार आहे, मग यात नवे काय, हा आक्षेप रास्त आहे. मात्र निव्वळ अपेक्षा पुरत नाही; तासाआधीची छोटी प्रश्नावली वाचनाला निश्चित दिशा देते. साधनांच्या विषमतेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या टिपणात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवली आहे. परंतु घरात एकच फोन असलेल्या विद्यार्थिनीला चित्रफितीची सक्ती अन्यायकारक ठरते. तिच्यासाठी छापील टिपण तितकेच चालते, कारण या पद्धतीचा गाभा चित्रफितीत नसून मोकळ्या झालेल्या तासात आहे. त्या तासाची आखणी नसेल, तर उरतो तो फक्त वाढीव गृहपाठ.