"आई वाट पाहत असेल": स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला उत्तर द्यायला परिचारिका कशा शिकल्या? (थ्रेड)

अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कलूसा येथे माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालय आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यास तेथे वृद्ध रुग्णांसाठी एक नवी पद्धत आकाराला आली. भिंतीवर फळा, फळ्यावर आजचा वार, तारीख, हवामान. परिचारिका आणि मदतनिसांनी चोवीस तास, प्रत्येक बोलण्यातून रुग्णाला वर्तमानाची आठवण करून द्यायची. मानसोपचारतज्ज्ञ जेम्स फोल्सम आणि परिचारिका ल्युसिल टॉल्बी यांनी १९६६ साली ती लेखरूपाने मांडली. नाव होते 'रिअ‍ॅलिटी ओरिएंटेशन', म्हणजे वास्तवाचे भान.

आज ही पद्धत शाळामास्तरी वाटते. परंतु त्याआधीचा काळ विसरून चालणार नाही. अशा रुग्णाला भरवणे, धुणे आणि खाटेवर निजवणे एवढीच शुश्रूषा मानली जाई. त्याच्याशी बोलण्याचे प्रयोजनच काय, असा समज होता. फळ्याने निदान परिचारिकेला बोलते केले.

अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. ऐंशी वर्षांची स्त्री संध्याकाळी दाराशी येऊन म्हणते, "मला घरी जाऊ द्या, आई वाट पाहत असेल." वास्तवाशी प्रामाणिक राहायचे तर उत्तर एकच: तुमची आई केव्हाच वारली. ती बातमी त्या स्त्रीसाठी ताजी असते. उद्या पुन्हा विचारले, तर उद्याही ताजीच.

हा पेच नेओमी फाइल यांना जवळून दिसला. १९३२ साली म्युनिकमध्ये जन्मलेल्या फाइल अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका वृद्धाश्रमातच वाढल्या. त्यांचे वडील त्या आश्रमाचे संचालक होते. १९६३ पासून त्यांनी तेथे काम करताना रुग्णाला दुरुस्त करणे सोडले. आई कशी होती, काय रांधायची, तिची आठवण कशाने आली, असे विचारायचे. खोटे सांगायचे नाही आणि खोडूनही काढायचे नाही. 'व्हॅलिडेशन' या नावाने त्यांचे पुस्तक १९८२ साली आले. या पद्धतीच्या परिणामकारकतेचे पुरावे पुढील संशोधन-आढाव्यांना अपुरे वाटले, हेही नोंदवले पाहिजे. पण परिचारिकेचा प्रश्न तिने कायमचा बदलला: रुग्ण चुकतो कुठे, याऐवजी तो काय मागतो आहे?

(सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' पाहिलेल्यांना माहुताची बायको चन्नम्मा येथे आठवेल. तिला कोणी परिचर्या शिकवली नव्हती.)

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवुड यांनी मात्र आरसा थेट शुश्रूषा करणाऱ्यांसमोर धरला. १९९७च्या 'डिमेन्शिया रिकन्सिडर्ड' या ग्रंथात त्यांनी रुग्णाचे माणूसपण झिजवणारे १७ प्रकारचे वर्तन नोंदवले. लहान मुलासारखे वागवणे, तो समोर असताना त्याच्याविषयी परस्पर बोलणे, त्याला झेपणार नाही अशा घाईने भरवणे, थट्टा करणे. हे दुष्टपणाने घडत नाही, हे किटवुड यांनी आवर्जून सांगितले. प्रेमळ, कामसू माणसेच हे करतात. म्हणून ते शिकवून बदलता येते.

त्यासाठी त्यांनी कॅथलीन ब्रेडिन यांच्यासह 'डिमेन्शिया केअर मॅपिंग' विकसित केले. प्रशिक्षित निरीक्षकाने दालनात कित्येक तास बसायचे आणि दर पाच मिनिटांनी लिहायचे: ही व्यक्ती आता काय करते आहे, बरी आहे की खिन्न? काम काहीच करायचे नाही, फक्त पाहायचे. सतत धावपळीची सवय असलेल्या परिचारिकेला हेच सर्वांत अवघड. अशा नोंदवहीत एखाद्या वृद्धाच्या नावापुढे तासभर केवळ रिकामेपण उतरले, तर त्याच्याजवळून कितीदा जाऊनही कोणी थांबले नाही, हे झाकता येत नाही.

अलीकडे परिचर्येच्या वर्गांत धूसर चष्मे, जाड हातमोजे आणि कानांत गोंगाट करणारे हेडफोन देऊन रुग्णाचा अनुभव 'घडवला' जातो. अमेरिकेतील पी. के. बेव्हिल यांची 'व्हर्च्युअल डिमेन्शिया टूर' त्यांत विशेष प्रसिद्ध. विद्यार्थी त्यातून हेलावून बाहेर पडतात, आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र चष्मा काही मिनिटांत उतरतो, आणि गोंधळ व भीती यांपलीकडचे त्या माणसाचे आयुष्य, त्याच्या आवडी, त्याची आई, त्या चष्म्यातून दिसत नाहीत. त्यासाठी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसावे लागते, आणि कामाच्या पाळीत त्या बसण्याला वेळ द्यायचा की नाही, हे विद्यार्थी ठरवत नाहीत, रुग्णालये ठरवतात.